लगदा सुकेपर्यंत

— खरं सांगतो, टेगनबाई, शपथेवर सांगतो, यातला एक शब्द पदरचा नाही. नेरिडाची शपथ — नको, तिची नको, ती बिचारी आधीच तुमच्या हॉस्पिटलात पडलीय — माझ्या बापाची घ्या, तो काही आता उठून जाब विचारायला येत नाही. बेडूक होता. हिरवा, पावाच्या लादीएवढा. बरं, अर्ध्या लादीएवढा. आमच्या जुन्या संडासाच्या फ्लशच्या टाकीत अकरा वर्षं राहत होता. अकरा म्हणजे — सात. नेरिडानं त्याचं नाव ठेवलं होतं मेयर, कारण दिवसभर काही न करता बसून राहायचा आणि मधूनच मोठ्यानं मत द्यायचा. तर सहा आठवड्यांपूर्वी, सकाळी नऊ-साडेनऊला, माझी बायको या खोलीत आली, तिनं टाकीचं झाकण उचललं, आणि मेयरसाहेबांनी उडी घेतली ती सरळ तिच्या छातीवर. ती दचकली, मागं सरकली, पाय घसरला, खुबा मोडला. झालं. तुमच्या डॉक्टरनं हसत हसत लिहून घेतलंय, त्या कागदात असेल बघा. मी? मी कुठं होतो? मी घराखाली होतो, गाडीचं तेल बदलत होतो. वर काय चाललंय मला पत्ता नाही. तेही लिहा हवं तर. — हो हो, उठतो ना! पाहुणी दारात उभी आणि घरधनी संडासावर बसून गप्पा मारतोय, मला काय बरं वाटतं का? पण उठता येत नाही. म्हणजे येतं! उठता येतं, न यायला काय झालं, पण उठायचं नाही. लगदा सुकतोय.

अशा बघू नका. पँट घातलेली आहे, पट्टा लावलेला आहे, सगळं रीतसर आहे. बागेतल्या बाकावर बसावं तसा बसलोय. त्याचं असं आहे — हे नवं भांडं जमिनीला चिकटवायला एक पांढरा लगदा येतो, सिलिकॉनचा, नळीत भरलेला, बंदुकीसारख्या यंत्रात घालून दाबायचा. तो सुकेपर्यंत भांड्यावर वजन लागतं, नाहीतर भांडं वर उचललं जातं आणि मग जन्मभर डुगडुगतं. नळीवरच लिहिलंय, चोवीस तास. काल संध्याकाळी पाचला बसवलं, म्हणजे आज पाचपर्यंत. मग साध्या माणसानं काय करायचं? बसायचं. वजन माझ्याकडे आहे, वेळ माझ्याकडे आहे. — रात्रभर? छे, रात्रभर कसा बसेन, रात्री सिमेंटची गोणी ठेवली होती. गोणी आता — गोणी कार्मेलो घेऊन गेला. शेजारचा कार्मेलो. त्याला सकाळीच लागली. माणसाला सकाळी सिमेंट लागू शकतं की नाही? तुम्ही फार बारीक विचारता हो. बसा ना, त्या टबाच्या काठावर बसा, स्वच्छ आहे, मी पुसलाय. कार्मेलोनं पुसलाय.

एक विचारू का? तुम्ही नगरपालिकेच्या नाही ना? नुसत्या हॉस्पिटलच्या? घर बघणार, बाईला घरी सोडायचं की नाही ते लिहिणार, आणि जाणार — एवढंच ना? कारण आपल्या क्वीन्सलंडचा कायदा तुम्हाला ठाऊकच आहे. माणसानं घराला रंग द्यावा, भिंत पाडावी, छपरावर चढून मान मोडून घ्यावी, कुणी विचारत नाही. पण स्वतःच्या संडासाचं भांडं लायसन्सवाल्या प्लंबरशिवाय इंचभर हलवायचं नाही. दंड आहे. आणि तेच भांडं दुकानात कुणालाही विकतात! शनिवारी दारात सॉसेज भाजत असतात, ते कांदा घालून पावात गुंडाळून खात खात तुम्ही भांडं गाडीत घाला, वर विचारतात, सॉस हवाय का. आमच्या गावात प्लंबर एकच, बॅरी. बॅरी म्हणाला, तीन आठवडे. मी म्हटलं, बॅरी, शुक्रवारी माझ्या बायकोला बेड सोडायचाय, गुरुवारी हॉस्पिटलची बाई घर बघायला येतेय. तर म्हणतो कसा, ‘डेस, तोवर तिला टाऊन्सव्हिलला ठेव की.’ ठेव की! सायकल आहे का ती? तुमचीच ती दुसरी बाई, फोनवरची, तीही हेच म्हणाली — घर योग्य नसेल तर मिसेस ट्रँटरना टाऊन्सव्हिलच्या वृद्धाश्रमात जागा बघू, तात्पुरती. त्या वयात तात्पुरता गेलेला माणूस परत आलेला मी बघितला नाही. कार्मेलोची मावशी तात्पुरती गेली होती, तिची खुर्ची आम्ही तिच्या अंत्यविधीनंतर परत आणली. नव्वद किलोमीटर, बाई. आठवड्यातून दोनदा बस. चव्वेचाळीस वर्षं एका घरात राहिल्यावर मी माझ्या बायकोला मंगळवारी आणि शनिवारी भेटायचं, तेही तिथल्या जेवणाच्या वेळा सांभाळून. म्हणून म्हटलं, गेला बॅरी खड्ड्यात. मीच करतो.

आणि केलं. एकट्यानं. — म्हणजे कार्मेलो होता, पण तो खाली होता. आमचं घर खांबांवर, खाली माणूस ताठ उभा राहतो, आणि संडासाचा पाइप लाकडी जमिनीतून खाली उतरून तिथं उघडाच लोंबतोय. म्हणून आम्ही काम वाटून घेतलं — वर डोकं माझं, खाली हात त्याचे. कार्मेलो साखर कारखान्यात फिटर होता, एकवीस टनांच्या चरकाचे बोल्ट त्यानं सोडवलेत, त्याला हे भांडं म्हणजे कपबशी. मी ओरडलो, मेन कॉक बंद केलास का? तो खालून म्हणाला, केला. मी स्पॅनर लावला. त्यानं बंद केला होता तो बागेचा कॉक. बाई, पाणी त्या दिव्यापर्यंत गेलं. तो डाग दिसतो ना? तो पाण्याचा नाही, तो जुना आहे, पण पाणी त्याच्या शेजारी गेलं. मग जुनं भांडं सुटेना. चार स्क्रू, चारही गंजून जमिनीशी एकजीव. छिन्नी घेतली, हातोडी घेतली, दोन ठोके — आणि भांड्याचे बरोबर दोन तुकडे, कलिंगड फोडावं तसे. ते बाजूला केलं तर जमिनीत हे एवढं भोक, आणि भोकातून खाली कार्मेलोचं टक्कल. त्यानं वर बघितलं.

‘डेस,’ म्हणाला, ‘तुझं तोंड दिसतंय.’

‘कसं दिसतंय?’

‘योग्य जागी.’

एकाहत्तर वर्षांचा आहे, अजून अक्कल नाही. मग त्या हसण्यात माझ्या हातून स्पॅनर सुटला. कुठं गेला असेल? सरळ पाइपात. वाकणात जाऊन बसला. कार्मेलोनं खालून वाकणाचं झाकण उघडलं, मी सांगत होतो की टोपी घाल, त्यानं घातली नाही, आणि मग स्पॅनर तर आलाच पण एकटा आला नाही. त्याची बायको असती तर तिनं त्या दिवशी त्याला घरात घेतलं नसतं. बागेच्या नळीखाली उभा राहून त्यानं जे काही इटालियन म्हटलं ते मला कळलं नाही, पण पलीकडच्या शेतातला हार्वेस्टर थांबला. शपथ. बरं, हार्वेस्टर दुसऱ्या कारणानं थांबला असेल. पण थांबला.

आणि मग माप. भांडं विकत घेताना भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंत माप घेऊन जायचं असतं. आम्ही घेतलं होतं, अगदी पेन्सिलनं लिहून. फक्त भिंतीच्या पायाशी ही लाकडी पट्टी असते ना, ती आम्ही जमेतच धरली नाही. नवं भांडं आणून ठेवलं तर त्याची पाठ पट्टीला टेकली, आणि खालचं तोंड भोकापासून दोन सेंटिमीटर पुढं! कार्मेलो म्हणाला, पट्टी काप. मी म्हटलं, ती नेरिडानं रंगवलीय. तो म्हणाला, नेरिडाला पट्टी पाहिजे का संडास? मग कापली, पाव कापायच्या सुरीनं. त्यानंच कापली, आडवा पडून. मी इथं स्टुलावर बसून लेव्हल बघत होतो. काम करून घेणाऱ्यानं बसूनच बघायचं असतं. नाही, मला गुडघ्यावर बसता येतं की. बसता येतं, उठताना जरा — जमीन ओली होती हो. ओल्या जमिनीवर कोण गुडघे टेकतं?

घ्या, माप घ्या, टेप काढलीच आहे तर. माझ्या मांडीच्या बाजूनं लावा, लाजू नका. किती? सेहेचाळीस ना? मी म्हटलं नव्हतं! तुमच्या चिठ्ठीत लिहिलं होतं पंचेचाळीसपेक्षा कमी चालणार नाही, जुनं होतं अडतीस, हे खास उंच भांडं मागवलं. आणि हा आधाराचा दांडा बघा, हलवून बघा, जोरात — कार्मेलोनं भिंतीच्या आतल्या लाकडात चार-चार इंची स्क्रू मारलेत. यावर बैल बांधा. डावीकडे का? बायको डावखुरी आहे माझी. लिहिते डाव्या हातानं, भाजी चिरते डाव्या हातानं, मला एकदाच मारलं होतं तेही डाव्या हातानं, दोन दिवस कान वाजत होता. म्हणून दांडा डावीकडे. आणि खालची चटई काढून टाकलीय. आणि टबात बसायचा पाट आणलाय. सगळं तिच्या मापाचं केलंय, बाई. लिहा. योग्य. प्रत्येक चौकोनात बरोबरची खूण करा आणि जा, तुमचा वेळ मोलाचा आहे.

— नाही, तेवढं एक काम करता का जाण्याआधी? एक ग्लास पाणी. स्वयंपाकघर डावीकडे. मी उठलो असतो, पण तो लगदा. — उजवीकडच्या कपाटात ग्लास! नाही, वरचं! हां. तेच.

आभारी आहे. — हो, तहान लागली होती. उन्हाळा लवकर आलाय यंदा. अजून एक चाललं असतं, पण राहू द्या. काय? टोस्ट? टेबलावर? दोन घास खाल्लेला, हो, तो — कालचा आहे तो. चहा पण कालचा. एकटा माणूस, आवरायचं राहून जातं. आणि रेडिओ चालू आहे? असू दे. सकाळच्या बातम्यांसाठी लावला होता, साडेसहाच्या. म्हणजे काल. तुम्ही स्वयंपाकघर तपासायला आलाय का संडास? काय ते एकदा ठरवा.

विचारा, पुढचा प्रश्न विचारा. घरात कोण कोण — मी. जिना किती पायऱ्यांचा — अकरा, कठडा दोन्ही बाजूंना. पत्नीला उठायला, बसायला, अंघोळीला मदत करणारी व्यक्ती — मी. वय सत्तर. तब्येत उत्तम. काम काय करत होतो? कारखान्याची उसाची आगगाडी चालवली, चौतीस वर्षं. बसून काम, हो, पण डाव्या हातानं ब्रेकचा दांडा ओढायचा दिवसातून तीनशे वेळा, त्यामुळे हा डावा खांदा जरा — जरा नाराज आहे. वर जात नाही. पण वर जायची गरज काय? गाडी चालवायचं सोडून झाली आठ वर्षं. व्यायाम? करतो! बोल्स क्लबात जातो रोज, हिरवळीवर गोळे घरंगळवायला. सकाळी सातला. विचारा कुणालाही, सहा आठवडे एक दिवस चुकलेला नाही. सगळे म्हणतात, डेस, बायको हॉस्पिटलात गेल्यापासून तुला खेळाचं वेड लागलंय. खेळ? नाही, खेळत नाही फारसा. जातो, आतमध्ये जरा — तिथं संडास चांगला आहे हो. मोठा आहे. अपंगांसाठीचा, दोन्ही बाजूंना दांडे, उजवीकडे पण. मी तिथंच — जागा ऐसपैस आहे म्हणून. घरचा फुटका होता ना. — फुटला काल? हो, कालच फुटला. पण त्याआधीही मला तो आवडत नव्हता.

असं रोखून बघू नका. माझी आई असंच बघायची, मग आम्ही सगळं सांगून टाकायचो.

काय करून दाखवू? तिला कसं उठवणार ते? तुम्ही नेरिडा व्हा म्हणता. मजेदार आहात. तुम्ही इथं बसणार, मी समोर उभा राहणार, हात देणार — त्यासाठी मला आधी उठावं लागेल. आणि लगदा? पाचला या. पाचला या ना परत, मी तुम्हाला दहा वेळा उठवून दाखवतो, नाचून दाखवतो. पाचला ऑफिस बंद होतं? मग तोंडी सांगतो, लिहून घ्या. फार सोपं आहे. दोन्ही पाय भिंतीला टेकवायचे नाहीत, एक पुढं, एक मागं. हात मनगटाशी धरायचा, बोटांना नाही, बोटं सुटतात. बसलेल्यानं आधी पुढं झुकायचं, नाक गुडघ्यांच्या पुढं आलं पाहिजे. मग म्हणायचं, एक, दोन, चल रे डेस — आणि ओढायचं नाही, मागं नुसतं रेलायचं, आपलं वजन आपोआप काम करतं. आणि पाय कोरडे पाहिजेत, मुख्य म्हणजे. ओल्या पायानं कधी —

काय? ‘चल रे डेस’ म्हटलं का मी?

...

उन्हाळा लवकर आलाय यंदा. — हो, म्हटलं मघाशी. दार ओढून घ्या जरा, रेडिओचा आवाज येतोय. नाही, नको, उघडं राहू दे, बंद खोलीत जीव घुसमटतो.

बघ, पोरी. तू वयानं माझ्या भाचीएवढी असशील, मी आता अहोजाहो करत नाही, दम लागतो. लगदा कालच सुकला. मंगळवारी बसवलं हे. गोणीबिणी काही नव्हती, भांड्याला वजन लागतच नाही, उलट लिहिलंय, चोवीस तास बसू नका. आज सकाळी, टोस्ट हातात असताना, मला वाटलं, तू येण्याआधी एकदा बसून बघावं. उंच आहे, दांडा आहे, जमेल. बसलो. छान बसलो. आणि मग साडेसहाच्या बातम्या झाल्या, आठच्या झाल्या, अकराच्या झाल्या. दांडा डावीकडे, माझा डावा हात वर येत नाही. उजवीकडे भिंत, तीही गुळगुळीत टाइलची, घामानं हात सरकतो. गुडघे तर विचारूच नकोस. मी या खोलीतल्या प्रत्येक गोष्टीचं माप घेतलं, माझं घ्यायचं राहिलं. तू खालून हाक मारलीस, तेव्हा मी काय म्हणालो? ‘या, दार उघडंच आहे.’ दुसरं काय म्हणणार होतो.

दोन वर्षं झाली. रोज सकाळी तीच उठवायची मला. जुनं भांडं बुटकं होतं, तिनं चार वेळा दुकानाचं पुस्तक आणून माझ्यापुढं ठेवलं, अशा उंच भांड्याच्या पानाला घडी घालून. मी काय म्हणायचो, माणूस पायांनी उठतो, भांड्यानं नाही. मोठा शहाणा. त्या दिवशी ती अंघोळ करून नुकतीच टबाबाहेर आली होती, पाय ओले. म्हणाली, थांब, पुसते. मी म्हटलं, किती वेळ बसू, क्लबात मॅच आहे. मी घाई केली. तिनं हात दिला. तेल बदलत नव्हतो मी घराखाली, मी इथं होतो, याच जागेवर, तिचा हात माझ्या हातात होता, आणि तिच्या पायाखालची चटई सरकली तेव्हा मी हात सोडला नाही, उलट घट्ट धरला, आणि त्यानंच ती वेडीवाकडी पडली. आवाज आला. फांदी मोडल्यासारखा. ती इथं पडलेली, तू बसलीयस त्याच्या पायथ्याशी, आणि मी वर बसलेलो. तीन तास, पोरी. हाताला लागेल एवढ्या अंतरावर बायको पडलीय आणि मला उठता येत नाही. फोन स्वयंपाकघरात. टॉवेल होता खांद्यावर, तो तेवढा तिच्या अंगावर टाकला. ओरडून ओरडून घसा बसला, पण ऊसतोडीच्या हंगामाचे दिवस, सगळीकडे यंत्रांचा आवाज, कोण ऐकतंय. मग आम्ही बोलत बसलो. इतकं आम्ही लग्न झाल्यापासून बोललो नव्हतो. तिला दुखायचं तेव्हा ती माझ्या बुटाची लेस धरून ठेवायची. बाराच्या पुढं कार्मेलो पपया द्यायला आला तेव्हा त्याच्या पायांचा आवाज ऐकून ती पहिलं काय म्हणाली माहितीये? ‘डेस, त्यानं आधी तुला उभं करू दे, मग ॲम्ब्युलन्स बोलवू. आणि लोकांना बेडूक सांग.’ बेडूक तिनं काढला. माझी लाज राहावी म्हणून, खुबा मोडलेला असताना. मी फक्त त्याला उडी मारायला लावली. मेयर होता, ते खरं, पण तो दोन वर्षांपूर्वीच गेला, साप आला होता तेव्हा.

लिहीत का नाहीस? लिही. नवरा असमर्थ. टाऊन्सव्हिल. मला वाचून दाखवू नकोस फक्त.

— काय म्हणालीस?

कधी सांगितलं तिनं? पहिल्याच आठवड्यात? सगळं? मग मघापासून तू बेडकाची गोष्ट तोंड न हलवता ऐकत बसलीस? भारी आहेस. पण तिनं का — नाही, ती असं सांगणार नाही, ती हट्टी आहे, तिनं कबूल केलं तर — काय विचारते? रोज? नर्सला? ‘डेसला आज कुणी उठवलं’ म्हणून?

...

थांब. मला अजून एक ग्लास पाणी आण.

...

आणि हा दुसरा कागद कुणाचा? हे माझं नाव आहे. डेस्मंड ट्रँटर. नेरिडाच्या कागदाबरोबर माझा कागद कशाला? — हं. हं. म्हणजे घरी रोज सकाळी माणूस येईल. दोघांसाठी. सातला. आणि उजवीकडचा दांडाही तुम्हीच लावून देणार. आणि मग तिला टाऊन्सव्हिलला जायला नको. पण फक्त इथं लिहिलं तरच, की मला स्वतःहून उठता येत नाही. म्हणजे मी सकाळपासून जीव तोडून जे लपवतोय, तेच लिहिलं की ती घरी येते, आणि लपवलं की जाते? हे कुठल्या गाढवानं ठरवलं? सरकारनं. बरोबर.

माणूस कोण येणार? पोरगी का पोरगा? अनोळखी पोरगी, रोज सकाळी सातला, ‘गुड मॉर्निंग डेस’ म्हणत या खोलीत. गावभर होईल. क्लबात मला कोणी नावानं हाक मारणार नाही, काहीतरी नवीन काढतील, ती माणसं त्यासाठीच क्लबात येतात. कार्मेलोला तर सणच. — नाही, त्याला माहीत आहे, तो कधी बोलला नाही. तो रोज साडेसहाला कॉफी प्यायला येतो आणि मला दाराशी टोपी देतो, क्लबात जायला. कॉफी मी करतच नाही. आत्ता लक्षात येतंय.

दे इकडे पेन. कुठं? इथं? गुडघ्यावर धर कागद, हलवू नको. ‘बसलेल्या स्थितीतून मदतीशिवाय उठता येते का.’ नाही. घे. मोठ्या अक्षरात लिहिलंय, नंतर कुणी म्हणायला नको वाचता आलं नाही. खाली सही. झाली. शुक्रवारी किती वाजता आणतात तिला? अकरा. ॲम्ब्युलन्सनं? बरं. तिला सांग, पट्टी कापली मी. नाही, नको सांगू, ती येऊन बघेल, तिला बोलायला काहीतरी हवं.

आता हात मागं घे. नाही म्हणजे नाही. तुला येत असेल, तू शिकली असशील, कॉलेजात पट्टे बांधून उठवायला शिकवत असतील, पण तुझी पाठ केवढी, माझं वजन केवढं. एक बाई मोडली या खोलीत, तेवढी पुरे. मदत शुक्रवारपासून, कागदात तसंच आहे. आज कार्मेलो आहे. एक वाजता येतो तो, पपया घेऊन, ठरलेलं आहे, घड्याळ लावून घे. आता किती झाले? पाऊण? मग पंधरा मिनिटांचा तर प्रश्न. साडेसहापासून बसलोय, पंधरा मिनिटांनी काय होतंय. तुला पुढच्या घरी जायचंय ना? जा, उशीर झाला माझ्यामुळे. दोन्ही कागद घेतलेस? जा, जा, खरंच जा. उपकार झाले. पायऱ्या सांभाळून, तिसरी वाजते.

...

टेगन!

ए टेगन, अगं थांब! गाडी चालू करू नकोस — कार्मेलो एक वाजता येत नाही! आज तो पहाटेच बहिणीकडे गेलाय, उद्याशिवाय येत नाही! ते मी बनवलं होतं!